हलक्या पानाची पारख



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून ह्या व्यासपीठांवर राजकारण झाले, अर्थकारण झाले, वाङ्मय आणि अध्यात्मही झाले. तंबाखूच्या पानाला मात्र येथे क्वचितच जागा मिळाली असेल. विष्णुपुरीसारख्या ठिकाणी, जेथे हाकेच्या अंतरावर विद्यापीठ आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे हा विषय काढणे काहींना विपरीत वाटेल. म्हणून प्रथमच सांगून टाकतो की धूम्रपानाची भलावण करण्यासाठी आम्ही उभे नाही. आमचे आयुष्य विडी कामगारांच्या संघटनेत गेले. पान, जर्दा आणि दोरा ह्या तीन वस्तूंभोवतीच आमची शाळा भरली. त्या शाळेत एक प्रश्न आमच्या मनात रुजला, तो आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. प्रश्न असा की, पानाची पारख करण्याचा अधिकार इतिहासात कोणाकोणाकडे गेला आणि त्या पारखेची किंमत कोणी दिली?

आरंभ जगातल्या सर्वांत नाजूक पारखेपासून करू. ज्याला आपले आजोबा चिरूट म्हणत आणि हल्ली सिगार म्हणतात, त्या वस्तूच्या परीक्षेचे परदेशात एक शास्त्रच बनले आहे. भारी सिगारचे अंग तीन थरांचे असते. आत पानांचा भर, त्याला आवळून धरणारे बांधणीचे पान, आणि सर्वांवर वेष्टनाचे पान. हे वेष्टन फिकट, तांबूस-पिवळे असले तर स्पॅनिश भाषेत त्यास ‘क्लारो’ म्हणतात, गर्द तपकिरी असले तर ‘मादुरो’. क्लारो वेष्टनाची सौम्य सिगार ही नवशिक्याने सुरुवात करावी आणि जाणत्याने सकाळी ओढावी अशी समजली जाते.

परीक्षक ती आधी डोळ्यांनी पाहतो. रंग सर्वत्र एकसारखा आहे का, शिरा बारीक आहेत का, वेष्टनाची कड कोठे मिटली ते दिसू नये इतकी सफाई आहे का. मग बोटांनी हलकेच दाबून पोकळी किंवा गाठ शोधतो. टोक कापल्यावर न पेटवताच एक झुरका घेऊन वाट मोकळी आहे की नाही ते पाहतो. पेटवल्यावर धूर छातीत घेत नाही, तोंडात घोळवतो. सिगारचे मनाने तीन भाग पाडून प्रत्येक भागात चव कशी पालटली ते टिपतो. साय, काजू, वाळलेले गवत, देवदाराचे लाकूड, शेवटी थोडी पांढरी मिरी, असे त्याचे शब्द असतात. जळती कड सरळ उतरते का, राख पांढरट आणि घट्ट आहे का, हेही पाहतो आणि अखेर शंभरांपैकी गुण देतो.

ह्या विद्येची आम्ही थट्टा करीत नाही. जिभेला आणि नाकाला शिस्त लावणे सोपे नव्हे. पण जाणते परीक्षकही एक गोष्ट कबूल करतात, ती सामान्य गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. वेष्टन फिके म्हणून धूर सौम्य, असे समीकरण नाही. सिगारचा कडकपणा मुख्यत्वे आतल्या भरावर ठरतो. झाडाच्या शेंड्याकडील पाने, ज्यांना ऊन अधिक मिळते, ती कडक आणि खालची मवाळ. वेष्टनाचा फिकेपणा सावलीतल्या लागवडीतून, पान कोवळे खुडण्यातून आणि त्याला थोडेच मुरवण्यातून येतो. म्हणजे रंग हा पानाला कसे वागवले ह्याचा दाखला आहे. पानाला कसे वागवले हे रंगावरून कळते. पान वाढवणाऱ्याला आणि वळणाऱ्याला कसे वागवले हे मात्र रंगावरून कळत नाही. त्यासाठी इतिहासाकडेच वळावे लागते.

आपल्या देशात तंबाखूच्या पारखेची जी पहिली ठळक नोंद सापडते ती दख्खनचीच आहे. पोर्तुगीजांनी तंबाखू पश्चिम किनाऱ्यावर आणली आणि तेथून ती आदिलशाहीत शिरली. शहाजादा दानियाल आणि आदिलशाही राजकन्या ह्यांच्या विवाहाच्या कामगिरीवर अकबराने असद बेग नावाचा सरदार विजापुरास धाडला होता. तो विवाह १६०४ साली आपल्याच गोदेच्या काठी, पैठणास झाला. असद बेगाला विजापुरात तंबाखू दिसली. ती त्याला इतकी नवी वाटली की जडावाची सुंदर नळी तयार करवून त्याने ती आग्र्यास अकबरापुढे ठेवली. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. हकीम अस्वस्थ झाला. जी वस्तू आपल्या वैद्यकग्रंथांत नाही ती बादशहाने का घ्यावी, असा त्याचा आक्षेप होता. असद बेगाने वाद घातला की कोणतीही वस्तू प्रथम नवीच असते. अकबराला ओढीची सवय लागली नाही, पण दरबारातील उमरावांना लागली. पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली, ती फारशी कोणी पाळली नाही.

ह्या हकीकतीत पारख करणारे तिघे आहेत: बादशहा, सरदार आणि हकीम. ज्याने विजापूरच्या रानात ते पान पिकवले, वाळवले, त्याचे नाव सोडाच, अस्तित्वही नोंदलेले नाही. तंबाखूच्या पुढील चारशे वर्षांच्या इतिहासाची ही जणू पहिली ओळ आहे. ह्याच नांदेडात गुरू गोविंदसिंहांनी १७०८ साली देह ठेवला आणि त्यांच्या खालसा पंथाने तंबाखू सर्वस्वी वर्ज्य मानली, हेही येथे नमूद केले पाहिजे. न ओढण्याचा निर्णय हीसुद्धा एक पारखच आहे.

आता गोदावरीच्या प्रवाहाबरोबर थोडे खाली जाऊ. विष्णुपुरीच्या बंधाऱ्यावरून सुटलेले पाणी तेलंगण ओलांडून राजमहेंद्रीपाशी पोहोचते आणि तेथून समुद्राकडे फाटे फुटतात. त्या फाट्यांमधल्या गाळाच्या बेटांना तेलुगूत ‘लंका’ म्हणतात. पूर ओसरला की ह्या लंकांवर तंबाखू होत असे आणि तिचा चिरूट इंग्रजांच्या तोंडी ‘लंका’ ह्याच नावाने प्रसिद्ध होता. चिरूट हा शब्दही दक्षिणेचाच. तमिळमध्ये ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगल ही त्याची मोठी गावे. कॉनन डॉयलच्या शेरलॉक होम्सने तंबाखूच्या १४० प्रकारांच्या राखेवर एक प्रबंध लिहिला होता अशी कथा आहे. १८८७ च्या कादंबरीत तो तिरुचिरापल्लीच्या चिरुटाची राख ओळखतो आणि १८९० च्या कादंबरीत लंकेच्या चिरुटाचे नाव घेतो. लंडनच्या काल्पनिक गुप्तहेराला गोदाकाठची राख ओळखता येत होती. गोदाकाठच्या वळणाऱ्याला लंडन कोठे आहे ते ठाऊक नव्हते. आपल्या देगलूर-बिलोलीकडचे शेतकरी जो ‘चुट्टा’ ओढत आले तो ह्याच कुळातला, फक्त त्याला कोणी गुण दिले नाहीत.

लंकेचा चिरूट कडक होता. फिकट, पातळ, रेशमासारख्या वेष्टनाची ख्याती मिळवली ती सुमात्रा बेटाने, आणि हलक्या पानाच्या इतिहासातले सर्वांत जड प्रकरण येथेच आहे. १८६३ साली निनहाइस नावाचा एक डच व्यापारी सुमात्राच्या डेली प्रांतात उतरला. तेथल्या मातीत सिगारच्या वेष्टनाचे अप्रतिम पान होते हे ध्यानात आल्यावर १८६९ साली डेली कंपनी उभी राहिली. थोडक्या वजनात पुष्कळ सिगारी झाकणारे हे पान युरोप-अमेरिकेच्या बाजारात हातोहात खपले. मळ्यांवर चिनी आणि नंतर जावाचे मजूर कराराने आणले गेले. १८८० च्या कुली अध्यादेशाने त्या करारांना फौजदारी शिक्षेची जोड दिली. मजुराने काम सोडले तर तो दिवाणी वाद न राहता गुन्हा झाला. १९०२ साली फान डेन ब्रांड ह्या डच वकिलाने डेलीच्या लाखोंच्या नफ्यामागे कोणते हाल आहेत ते पुस्तिका लिहून चव्हाट्यावर आणले, तेव्हा हॉलंडमध्ये खळबळ झाली आणि चौकशी करणे सरकारला भाग पडले. तरी शिक्षेचे कलम गेले नाही.

ते ढिले पडले ते कशाने, हे आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांनी विशेष लक्षात ठेवावे. सुमात्राच्या पानाने अमेरिकेतल्या कनेटिकट खोऱ्यातले शेतकरी मार खाऊ लागले. म्हणून १९०० च्या सुमारास त्यांनी शेतांवर कापडाचे मांडव घालून सावलीत पान वाढवण्यास आरंभ केला. आज ‘कनेटिकट शेड’ म्हणून जे फिके वेष्टन सौम्य सिगारवर मिरवते त्याचा जन्म हा असा स्पर्धेतून झाला. पुढे १९३० च्या अमेरिकन जकात कायद्याने सक्तीच्या आणि शिक्षेच्या कराराने बांधलेल्या मजुरीतून निघालेल्या मालाला बंदी केली. बाजार जाईल ह्या भीतीने डेलीच्या मळेवाल्यांनी १९३१ पासून शिक्षेचे करार सोडून दिले. करुणेने जे तीस वर्षांत झाले नाही ते जकातीने वर्षभरात झाले. त्या जकातीमागे अमेरिकन उत्पादकांचा स्वार्थ होता हे उघड आहे. पण मजुराच्या पायातली बेडी तुटली हेही तितकेच खरे.

कनेटिकटच्या मांडवांखालीही उन्हाळ्यात घाम गाळणारे हात लागतच होते. १९४४ आणि १९४७ च्या उन्हाळ्यात दक्षिणेतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या तुकडीत एक तरुण होता, मार्टिन ल्यूथर किंग. सिम्सबरी गावच्या तंबाखूच्या शेतात त्याने महाविद्यालयाच्या खर्चासाठी मजुरी केली. तेथे काळ्या माणसाला गोऱ्यांच्याच उपाहारगृहात बसून जेवता येते हे पाहून तो थक्क झाला, असे त्याच्या त्या वेळच्या पत्रांवरून दिसते. सौम्य सिगारचे गुण मोजणाऱ्या कोणत्या तक्त्यात ही गोष्ट बसवावी?

आता घरी परत येऊ. आपल्या मुलखात वेष्टनाचे पान म्हणजे टेंभुर्णीचे पान, ज्याला व्यापारी तेंदू म्हणतात. विडी ही गरिबाची सिगारच आहे, फरक इतकाच की तिला बांधणीचे पान नाही. आत चिमूटभर जर्दा आणि वर एकच पान. पूर्वी आपट्याच्या पानाच्या विड्याही वळल्या जात. पण टेंभुर्णीचे पान पातळ, लवचीक, बारीक शिरांचे. भिजवले की वळते आणि सुकले की उसवत नाही. म्हणून तेच टिकले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुजरातेत दुष्काळ पडला, तेथून बाहेर पडलेल्या व्यापारी कुटुंबांनी जबलपूर भागात हा धंदा वाढवला, रेल्वेने तो गोंदिया, भंडारा, कामठीपर्यंत आणला, आणि स्वदेशीच्या लाटेत विलायती सिगारेटपुढे विडी ताठ उभी राहिली. निपाणीच्या जर्द्याला आणि विदर्भाच्या पानाला एकत्र आणणारे हात सिन्नर, संगमनेर, अहिल्यानगर, सोलापूर असे गावोगाव तयार झाले. आपल्या शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यात तर विडी हेच हजारो घरांचे चुलीचे साधन बनले.

आपल्या जिल्ह्यातल्या किनवट-माहूरच्या रानात गोंड, कोलाम आणि आंध कुटुंबे भर वैशाखात पहाटे उठून हे पान तोडतात. सत्तर पानांचा एक पुडा बांधतात. खरी पहिली पारख तेथे होते. कोणते पान जून, कोणते कोवळे, कोणावर किडीचा ठिपका आहे, हे ती बाई तोडताना बोटांनीच ओळखते. त्या पारखेला शास्त्र म्हणत नाहीत, सवय म्हणतात. एवढ्याचसाठी की ती बाईची आहे आणि अनवाणी आहे.

विडीकामगार बाई पान रात्री भिजवते, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापते, सुपात जर्दा घेते, वळते, नखाने तोंड मोडते आणि दोरा बांधते. दिवसाला हजार विड्या हे चांगल्या हाताचे प्रमाण, आणि मजुरीही हजारावर. संध्याकाळी ती कारखान्यात माल घेऊन जाते, तेव्हा दुसरी पारख होते. चेकर मूठभर विड्या उचलतो, तोंडे पाहतो, बोटांनी दाबतो. लांबी, जाडी, घडी, दोरा. सिगारचा परीक्षक जे पाहतो तेच हा पाहतो. फरक असा की परीक्षकाचे मत वाचून गिऱ्हाईक फार तर दुसरी पेटी घेते. चेकरने बाजूला टाकलेल्या विड्या ही ‘छाट’ ठरते आणि छाट म्हणजे मजुरी बुडाली.

हजारात शंभर छाट निघाली तर दहा दिवसांतला एक दिवस बाई फुकट वळते. पान खराब दिले असेल, जर्दा ओला दिला असेल, तरी दोष हाताचा. छाटीच्या विड्या कामगाराच्या डोळ्यांदेखत मोडाव्यात अशी मागणी संघटनांना करावी लागली, ह्यातच सारे आले. कारण मजुरी कापलेली विडी पुन्हा कट्ट्यात बांधली जाते असा कामगारांचा अनुभव होता. एका गावी आम्ही स्वतः पाहिले की सणाच्या आठवड्यात, जेव्हा बायकांना उचल हवी असते, तेव्हा छाट वाढे आणि सण सरला की उतरे. पान तेच, हात तेच, चेकरही तोच. मापच नव्हते म्हणून हे चालले. ज्या परीक्षेला माप नाही आणि दाद मागण्याची सोय नाही ती परीक्षा नव्हे, ती खंडणी होय.

हे माप पहिल्यांदा कायद्यात आले ते १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने. कायद्याच्या नावातच विडी आणि सिगार शेजारी बसल्या, वळणाऱ्याच्या दृष्टीने त्या एकच आहेत म्हणून. पान-तंबाखू किती द्यायची, छाट किती काढायची आणि छाटीची मजुरी द्यायची की नाही, ह्यांवरचे तंटे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने झटपट सोडवावेत अशी त्यात तरतूद होती. राज्याच्या नियमांनी सर्वसाधारण छाटीला शेकडा ५ ची मर्यादा घातली आणि कामगाराचा जाणूनबुजून निष्काळजीपणा नसेल तर छाटीलाही अर्ध्या दराने मजुरी द्यावी असे म्हटले. कारखानदार न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. कागदावर तरी चेकरच्या बोटांना हद्द मिळाली.

कागदावरची हद्द घरोघरी वळणाऱ्या बाईपर्यंत न्यायची तर ती वाचता आली पाहिजे. येथे हवानाची एक गोष्ट सांगतो. १८६५ साली हवानाच्या ‘एल फिगारो’ ह्या सिगार कारखान्यात कामगारांनी ठरवले की आपल्यातल्या एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी वळता वळता ऐकायचे. वाचणाऱ्याची मजुरी इतरांनी वर्गणीने भरून द्यायची. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी किंवा इतिहास. पुढच्याच वर्षी सरकारने ह्या वाचनावर बंदी घातली, ह्यावरून त्याचे बळ ओळखावे. बंदी गेली, वाचक परत आला आणि ती प्रथा क्यूबात आजतागायत टिकली. केरळच्या विडी कारखान्यांतही असेच वृत्तपत्रवाचन चाले आणि त्याच कण्णूरच्या मातीत १९६९ साली दिनेश विडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. आपल्या सोलापुरातही विडीकामगार बायकांनी संघटनेच्या बळावर गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभारली. २००६ साली त्या घरांच्या किल्ल्या पंतप्रधानांच्या हस्ते मिळाल्या. आम्हीही शाळेत फार शिकलो नाही. जे वाचायला शिकलो ते इतरांना मोठ्याने वाचून दाखवता दाखवताच.

आता एक अप्रिय गोष्ट. सौम्य, हलकी, मवाळ ही विशेषणे शरीराला लागू पडत नाहीत. सिगारचा धूर छातीत घेतला नाही तरी त्यातले निकोटीन तोंडातूनच रक्तात जाते, आणि तोंडाच्या कर्करोगाला वेष्टनाचा रंग ठाऊक नसतो. विडी सिगारेटपेक्षा निरुपद्रवी हा समजही खोटा आहे. अमेरिकेने २००९ च्या कायद्याने तंबाखूच्या पाकिटांवर ‘लाइट’ आणि ‘माइल्ड’ हे शब्द छापण्यास मनाई केली ती ह्याच फसवणुकीमुळे. जर्द्याची धूळ रोज नाकातोंडात जाणारी विडीकामगार बाई विडी न ओढताही तिची किंमत देते. म्हणून ओढणारे कमी व्हावेत अशीच आमची इच्छा आहे. पण धंदा आटेल तसे हात रिकामे होतील. त्या हातांना दुसरे काम मिळेपर्यंत त्यांचे माप कोणी सोडू नये, एवढेच आमचे म्हणणे.

ते माप आज पुन्हा नाजूक झाले आहे. विडी कामगारांच्या कल्याणनिधीला पैसा पुरवणारा उपकर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराबरोबर बंद झाला. १९६६ चा कायदा २०२० च्या सुरक्षा व आरोग्य संहितेत मिळवला गेला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. जुन्या नियमांतला तो शेकडा ५ चा आकडा आणि अर्ध्या मजुरीचे वाक्य नव्या नियमांत तितक्याच ठळक अक्षरांत उमटते की नाही, हे डोळ्यांत तेल घालून पाहणे आपणां सर्वांचे काम आहे. येथे अभियंते आहेत, डॉक्टर आहेत, विद्यापीठाचे विद्यार्थी आहेत. त्यांच्यापैकी कोणी आठवड्यातून एक तास एखाद्या विडीकामगार वस्तीत बसून नियम मोठ्याने वाचून दाखवील तर हवानाच्या त्या वाचकाची परंपरा गोदाकाठी चालू झाली असे आम्ही समजू.

सिगारच्या परीक्षकाने शंभरांपैकी खुशाल गुण द्यावेत. बांधणी सुबक आहे, कड सरळ जळते, राख घट्ट आहे, असे तो लिहितो तेव्हा तो नकळत एका हाताला दाद देत असतो. त्या हाताला मजुरी पुरी मिळाली की नाही हा रकाना त्याच्या तक्त्यात नाही. तो रकाना आखण्याचे आणि भरण्याचे काम चळवळीचे आहे, आणि ते अजून पुरे झालेले नाही.